निळ्या वहीतली नावं

नगर
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय भैरवी,

सलाम आणि नमस्कार.

पोचले. कोल्हापूर ते नगर नऊ तास मी आमच्या तरुण पाळकसाहेबांच्या शेजारी बसले आणि नऊ तास ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. माझ्या कानातल्या यंत्राचा सेल संपला होता, त्यामुळे कदाचित बोललेही असतील.

त्यांचा राग काय, तर मी लोकांच्या घरी जेवले. आपण सेवादौऱ्यावर आलोय, पंगतीला नाही, असं ते, आमची ने-आण करणाऱ्या निसारभाईंच्या गाडीत सगळ्यांसमोर म्हणाले. अगं, दहा दिवस शाहूवाडीच्या वाड्यांवर डोळे तपासायचे, चष्मे वाटायचे आणि दुपारी झाडाखाली बसून नगरहून आणलेला शिळा पाव जॅम लावून खायचा! समोरच्या घरातून खर्डा वाटल्याचा वास येतोय, आणि आम्ही देवाची लेकरं पाव चावतोय. मी छत्तीस वर्षं इस्पितळात काढली, त्यातली अकरा मेट्रन म्हणून. कोणत्या घरचं पाणी प्यावं हे मला सत्तावीस वर्षांच्या पोराने शिकवायचं?

चौदा घरी जेवले. पोट एकदाही बिघडलं नाही. बिघडलं ते पाळकसाहेबांचं, जॅमने.

उचगावात निसारभाईंच्या माडीवर आमचा मुक्काम होता, तिथे त्यांच्या बायकोने, हाफिजाने केलेला आख्खा मसूर मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण धोंडुबाईचं तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. तुझ्या घरी दोन दिवस होते, पण तुझी सून सारखी आत-बाहेर करत होती आणि मला मोठ्याने बोलायला लाज वाटत होती. हळू मला बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे.

धोंडुबाई वाडीच्या शाळेत पोरांचं जेवण शिजवते. एकोणीस वर्षं. शिबिर शाळेच्याच व्हरांड्यात होतं. मी तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, तर ती उठून थेट चुलीकडे गेली आणि सूप घेऊन बसली. मग ओरडली, "अगं बया! एवढं खडं हायत तांदळात? ही समदी मी पोरांस्नी चारली व्हय?" आम्ही सगळ्या हसून बेजार. मग मला म्हणाली, "बाई, आज घरला या. पावणं वाडीत येऊन पावाचं तुकडं खात्यात, आमची काय इज्जत ऱ्हायली?" तिथल्या बायका 'मी जातो, मी करतो' म्हणतात. आपल्या शाळेतल्या सिस्टर क्लॅरिसने हातावर पट्टी मारली असती. मला मात्र ऐकायला फार बरं वाटायचं.

भैरवी, तिने तिचा एकुलता कोंबडा कापला माझ्यासाठी. तांबडा केला, पांढरा केला, नाचणीची भाकरी केली. चुलीशी बसून म्हणाली, "तुमच्या देवाची एकांदी गोष्ट सांगा की." न विचारता गोष्ट सांगायची नाही, हा नियम मीच आमच्या लोकांना घालून दिलाय. इथे तिने विचारलं, म्हणून सांगितली. समोर कोंबडाच शिजत होता, म्हणून कोंबड्याचीच. तुला शाळेतली आठवत असेल. शिपाई गुरूला पकडून नेतात, आणि त्याचा लाडका शिष्य घाबरून 'मी त्याला ओळखत नाही' असं तीनदा म्हणतो. तेवढ्यात कोंबडा आरवतो आणि तो रडायला लागतो.

धोंडुबाई पळीने रस्सा ढवळत म्हणाली, "म्हंजे फिरला दोस्त आनि बदनाम झालं कोंबडं." मग चुलीत लाकूड सारून, "पर बाई, जीवावर बेतल्यावर मानसानं काय करायचं? मी बी म्हनलं असतं."

मी म्हटलं, "मी नसतं म्हटलं." ती माझ्याकडे नव्या चष्म्यातून बघत राहिली आणि ताटात अजून एक तंगडी घातली.

आता काम. माझी निळी वही तुझ्याकडे राहिली. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ, टीव्हीच्या बाजूला. माझी प्रार्थनेची वही आहे, आणि मागच्या पानांवर पांढऱ्या रश्श्याची कृती. रजिस्टरने पाठव. फोन करू नकोस, फोनवर यंत्र शिट्टी मारतं. आपली पत्रंच बरी.

तुझी
एस्तेर


कोल्हापूर
१० फेब्रुवारी

प्रिय एस्तेर,

पत्र मिळालं. सुखरूप पोचलीस, बरं वाटलं.

वही शोधली. टीव्हीजवळ नाही. सुनेलाही विचारलं. निसारभाईंच्या गाडीत पडली असेल, किंवा तुझ्याच पिशवीत तळाला असेल. एवढं काय होतं तिच्यात? रश्श्याची कृती मी लिहून पाठवते. कोल्हापुरात ती विचारायला वही लागत नाही.

एक विचारू? रागावू नकोस. लोकांची नावं, त्यांच्या घरच्या अडचणी अशा लिहून ठेवताना त्यांना विचारलं होतंस का? आणि पुढे त्या बरोबरच्या खुणा तरी कशाला करायच्या? बघणाऱ्याला वेगळंच वाटायचं.

लेकाचं, सम्राटचं चांदीचं काम जोरात आहे, रोज हुपरीला जातो. लग्नसराईमुळे पैंजणांना मागणी आहे. मी बरी आहे. गुडघे तेवढे दुखतात.

तुझी
भैरवी


नगर
१५ फेब्रुवारी

प्रिय भैरवी,

तुझ्या गुडघ्यांसाठीसुद्धा त्या वहीत एक ओळ आहे. तुला विचारून लिहिली नव्हती. प्रार्थनेला परवानगी कधीपासून लागायला लागली? उद्या पावती फाडतील.

खुणांचं मी तुला कधी सांगितलं? सांगितलं असेल. हल्ली कानाबरोबर डोक्याचाही भरवसा राहिला नाही. ती माझी वॉर्डातली सवय. पेशंटचं नाव, तक्रार, तारीख. औषध दिलं की पुढे बरोबरची खूण. तशीच संध्याकाळी एकेकीसाठी प्रार्थना केली की खूण. 'धोंडुबाई. डोळे. जावई पितो.' खूण. 'हाफिजा. थोरल्याला काम नाही.' खूण. यात बघणाऱ्याला वेगळं काय वाटायचंय?

ते राहू दे. काल निसारभाईंचा फोन आला. भाचीने ऐकला आणि मला कागदावर लिहून दिला. तो कागद माझ्यासमोर आहे आणि मी रागाच्या भरात लिहितेय, म्हणून अक्षर असं आलंय. सिस्टरने माफ करावं.

माझ्या वहीची पानं लोकांच्या फोनवर फिरतायत म्हणे. 'बाटवलेल्या बायकांची यादी' म्हणून! वाडीतल्या पोरांना घरच्यांनी सांगितलंय, धोंडुबाईच्या हातचं खायचं नाही. पोरं घरून डबा आणतात. धोंडुबाई रोज सरकारी तांदूळ शिजवते आणि रोज दुपारी तो कुत्र्यांना घालते. शाळेच्या समितीचे अध्यक्ष हंबीरराव म्हणून कुणी आहेत, ते पाडव्यापर्यंत वाट बघणार आणि मग दुसरी बाई ठेवणार.

कुणी चोरली असेल गं माझी वही? गाडीतून की काय?

मी गप्प बसणार नाही. काल रात्रीच चार पानी अर्ज लिहिला. शिक्षण खात्याला, पंचायत समितीला, आणि एक प्रत त्या हंबीररावांना. सगळं स्वच्छ लिहिलंय. मी कुणाकडे गेले, काय जेवले, काय बोलले. लपवण्यासारखं काही नसलं की सगळं लिहिता येतं.

सोमवारी पोस्ट उघडलं की टाकते.

एस्तेर


कोल्हापूर
२१ फेब्रुवारी

प्रिय एस्तेर,

अर्ज टाकू नकोस. टाकला नसशील तर फाडून टाक. तुझं पत्र मला आज मिळालं, हे पोचेपर्यंत आणखी चार दिवस जातील, तरी लिहिते आहे. भाचीच्या फोनवर फोन केला होता, तिने उचलला नाही.

तू नगरला बसून रागावतेस. तुझा राग खरा आहे, पण त्याचा भुर्दंड तिकडे पडतो. इथली हवा तुला माहीत नाही. आता कुणी काही वाचत नाही, नुसती नावं बघतात. तू जेवढी नावं लिहिशील तेवढी घरं अडचणीत येतील.

मी हात जोडते.

भैरवी


नगर
२५ फेब्रुवारी

प्रिय भैरवी,

अर्ज सतरा तारखेलाच गेला, पोचपावतीसह रजिस्टरने. तीनही पावत्या आल्या.

तुझं पत्र वाचून मला वाईट वाटलं. शाळेत कुणी खोटा आळ घेतला तर टेबलावर उभी राहून 'मी नाही केलं' असं ओरडणारी भैरवी कुठे गेली? मी चोरी केलेली नाही. माझी चोरी झालेली आहे. आणि हात जोडायचे मी?

सोमवारी मी स्वतः येते. मेट्रनचा बिल्ला लावून वाडीतल्या देवळासमोर उभी राहते आणि विचारते, तुमच्यातल्या किती जणांच्या नाकावर माझे चष्मे आहेत, हात वर करा.

एस्तेर


कोल्हापूर
६ मार्च

प्रिय एस्तेर,

तुझ्या भाचीने तुला येऊ दिलं नाही, हे तिनेच कळवलं. देव तिचं भलं करो.

आता जे लिहिते ते शांतपणे वाच.

तुझा अर्ज पोचला. चौकशीला माणूस आला. त्याने तुझी चार पानं शाळेच्या व्हरांड्यात मोठ्याने वाचली. एस्तेर, तू चौदा घरांची नावं लिहिलीस. कुणी झुणका केला, कुणी आंबील दिली, कुणी म्हटलं 'बाई, आमच्यासाठी बी देवाला सांगा'. तुला वाटलं ही साक्ष. त्या चौदा बायकांना आता घरोघर जाब विचारतायत. यादीत आधी नऊच होत्या. पाच तू वाढवल्यास. त्या पाचजणी आता धोंडुबाईकडे ढुंकून बघत नाहीत. तिच्यामुळे आपलं नाव आलं असं त्यांना वाटतं.

दुसरं. वही कुणी चोरली नाही. माझ्याकडे आहे, कपाटात साड्यांच्या खाली. तू गेलीस त्याच संध्याकाळी ती सम्राटच्या हाताला लागली.

मी त्याला विचारलं, "दुसऱ्याच्या वहीला हात का लावलास?"

तो म्हणाला, "आई, घरात बायकांच्या नावांची यादी पडलीये, वर क्रूस काढलाय, पुढं खुणा केल्यात. मी काय समजायचं?"

"मला विचारायचंस."

"तू काय सांगितलं असतंस? मैत्रीण हाय माझी, एवढंच की. मी एकाच मित्राला फोटो पाठवला, हे काय असतं म्हणून विचारायला. एकालाच, आई. शप्पथ."

तो खोटं बोलत नव्हता. तिसऱ्या दिवशी तोच फोटो माझ्या भजनी मंडळाच्या बायकांच्या ग्रुपवर आला. 'सावध व्हा' असं वर लिहिलेलं. बाकीच्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मी तुझं अक्षर ओळखलं. मी काहीच टाकलं नाही. हे माझ्या घरातून गेलंय, असंही म्हटलं नाही.

आणि तुला लिहिलं, वही नाही.

मी या घरात राहते, एस्तेर. सकाळचा चहा मला सून देते. तू तक्रार केली असतीस, आणि तक्रारीत माझ्या मुलाचं नाव आलं असतं. टेबलावर उभी राहणारी भैरवी बारा वर्षांची होती. तिला मुलगा नव्हता.

भैरवी


नगर
१२ मार्च

श्रीमती भैरवीबाई यांस,

आपलं पत्र मिळालं. वही साड्यांच्या खाली सुखरूप आहे हे वाचून समाधान वाटलं. साड्यांना कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात.

पहिला अर्ज मागे घेण्यासाठी मी दुसरा अर्ज केला. भाचीने फोन करून चौकशी केली, तेव्हा कळलं की एकदा चौकशी सुरू झाली की ती पूर्ण होते. अर्जदाराला ती थांबवता येत नाही. म्हणजे सुरू करता येते, थांबवता येत नाही. हे त्यांनी अर्जाच्या नमुन्यावर छापायला हवं.

पाळकसाहेब काल घरी आले होते. चर्चच्या मंडळीच्या वतीने त्यांनी खात्याला लिहून कळवलंय की वही माझी खासगी होती आणि चौदा घरी मी स्वतःच्या जबाबदारीवर जेवले. खरंच आहे ते. मी त्यांना चहा दिला, पाव-जॅमही दिला.

पंचावन्न वर्षांत आपल्याला अहो-जाहो करण्याची वेळ आली नव्हती. सवय होईल.

एस्तेर पाटोळे


कोल्हापूर
२० मार्च

प्रिय एस्तेर,

तू मला काहीही म्हण. मी तुला अगंच म्हणणार.

काल मी वाडीला गेले. घरी सांगितलं, गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाते. बिंदू चौकातून निसारभाईंच्या गाडीत बसले. हाफिजाने डबा दिला होता, तो तसाच परत आला.

आधी हंबीररावांकडे गेले. मी मनात त्यांचं जे चित्र रंगवलं होतं तसे ते नाहीत. म्हातारा माणूस, ओसरीवर दोरी वळत बसला होता. मला बसायला घोंगडं टाकलं. म्हणाले, "मला काय हौस हाय व्हय, बाई? धोंडुबाईच्या हातचं खाऊन माझी दोन पोरं मोठी झाली. पर वाडी बिथरली की एकट्या हंबीररावाचं कोन ऐकतंय? त्यात तुमच्या त्या मैतरणीनं अर्ज केला. आता सायेब येतोय, म्हंजे पोरं ईर्षेला पेटल्यात."

मी विचारलं, "यातून वाट काय?"

"पाडव्याला देवळात तिनं बेलभंडारा उचलावा. मी त्या बाईला वळखत न्हाय, माझ्या घरला ती आली न्हाय, म्हनावं. आनि त्या बाईनं तसाच कागुद लिहून द्यावा. दोन्हीकडनं मिटलं की मिटलं. शाळा भरली की माझी नात सगळ्यात आधी पंगतीला बसंल, हा माझा शबुद."

बेलभंडारा उचलणं म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको. देवाची शपथ. इकडे त्यावर खोटं कुणी बोलत नाही.

मग शाळेमागे धोंडुबाईला भेटले. ती तांदूळ निवडत होती. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी. तुझा चष्मा पत्र्याच्या डब्यात ठेवलाय. घातला की बायका 'मिशनचा चष्मा' म्हणतात. मी म्हटलं, कोल्हापुरातून दुसरा करून आणते. तर म्हणाली, "नवा आनला तरी त्यास्नी त्योच दिसनार."

हंबीररावांचा निरोप तिला आधीच मिळाला होता. मी विचारलं, उचलशील का? तिने चाचपून एक खडा काढला आणि बाजूला टाकला. मग म्हणाली, "उचलतो. ह्या चुलीबिगर मला हाय काय? पर आदी बाईंचा कागुद येऊ दे. त्यास्नी पयलं म्हनू दे. मी पयलं म्हनलं आनि त्यांच्या कानावर गेलं, तर त्यास्नी वाईट वाटंल."

एस्तेर, पाडवा तीस तारखेला आहे. कागद मला पाठव, मी पोचवते. नाही पाठवलास तरी मी समजून घेईन. ती मात्र चुलीवरून उठेल.

भैरवी


नगर
२४ मार्च

भैरवी,

सोबत कागद आहे. पाच वेळा लिहिला. पहिल्यात मी गावाला उपदेश केला. दुसऱ्यात कायद्याचा हवाला दिला. तिसऱ्यात तुझ्या मुलाचं नाव आलं, तो जाळला. चौथ्यात सगळं खरं लिहिलं आणि शेवटी फक्त एक वाक्य खोटं. ते वाक्य सगळ्या खऱ्या वाक्यांत असं लपलं, की मलाच शिसारी आली. म्हणून पाचवा. तो सबंध खोटा आहे.

"मी, एस्तेर पाटोळे, सेवानिवृत्त मेट्रन, राहणार नगर, लिहून देते की शाळेत जेवण शिजवणाऱ्या धोंडुबाई यांना मी ओळखत नाही. शिबिरात तपासलेल्या अनेकांपैकी एक नाव म्हणून ते माझ्या वहीत आलं. मी त्यांच्या घरी गेले नाही. त्यांच्या हातचं जेवले नाही. आमच्यात देवाधर्माचं काही बोलणं झालं नाही. अर्जात त्यांच्याविषयी लिहिलेलं माझ्या वयामुळे व विस्मरणाने लिहिलं गेलं. इतर तेरा घरांबद्दलही तसंच समजावं."

खाली सही. अक्षर बघ, एकही खाडाखोड नाही. सिस्टर क्लॅरिसने दहापैकी दहा दिले असते.

छत्तीस वर्षांत मी केसपेपरवर एकही खोटी नोंद केली नाही. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं तरी केली नाही. आणि भैरवी, मी त्या चुलीशी बसून, तिची तंगडी चावत म्हटलं होतं, मी नसतं म्हटलं.

वाईट वाटेल म्हणून मला पहिलं म्हणू दिलं तिने. मला हे सहन होत नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर उत्तर दिलं असतं.

टपाल वेळेत पोचेल ना? स्पीडपोस्टने टाकतेय. पोस्टातल्या माणसाने विचारलं, आत काय आहे. मी म्हटलं, कागद.

एस्तेर


कोल्हापूर
२ एप्रिल

प्रिय एस्तेर,

कागद अठ्ठावीसला मिळाला. पाडव्याला मी घरची गुढी उभारली आणि सम्राटला म्हटलं, "मला शाहूवाडीला घेऊन चल." तो म्हणाला, "निसारच्या गाडीनं जा की, मागं गेलीस तशी." म्हणजे त्याला माहीत होतं. मी चपला घातल्या. त्याने किल्ली घेतली. वाडीत पोचल्यावर तो गाडीतून उतरला नाही. काच मात्र खाली घेतली, ऐकू यावं म्हणून.

देवळासमोर सगळी वाडी जमली होती. हंबीररावांनी तुझा कागद वाचला. सगळे ऐकत होते. मागून एक पोरगा म्हणाला, "म्हातारीला विस्मरान हाय म्हनं," आणि चारजण हसले. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. दिली नाही.

मग धोंडुबाई पुढे आली. आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून. ताटातला बेल आणि भंडारा तिने दोन्ही हातांत उचलला. तिला दिसत नव्हतं, तेव्हा गुरवाने हात धरून ताटापर्यंत नेला. ती म्हणाली, "त्या बाईस्नी मी वळखत न्हाय. माझ्या घरला आल्या न्हाईत. माझ्या हातचं खाल्लं न्हाय." आवाज कुठेही अडला नाही. मग भंडारा कपाळाला लावला आणि माझ्या शेजारून, माझ्याकडे न बघता निघून गेली.

पाडवा रविवारी आला, सोमवारी ईदची सुट्टी, म्हणून पंगत मंगळवारी बसली. निसारभाईंनी जाऊन बघितलं. हंबीररावांची नात सगळ्यात पुढे होती. त्या दिवशी कुत्री उपाशी राहिली. तिचं काम राहिलं, एस्तेर. चष्मा डब्यातच आहे.

त्याच वेळी निसारभाई पाणी मागायच्या निमित्ताने चुलीकडे गेले होते. तिने त्यांच्याजवळ तुला निरोप दिला. त्यांनी मला जसाच्या तसा सांगितला, मी जसाच्या तसा लिहिते:

"बाईंस्नी सांगा, रडू नगा म्हनावं. कोंबडं काय आरवलं न्हाय. आरवंल कुठनं? ते आपुनच खाल्लं की."

वही पाठवू का?

भैरवी


नगर
८ एप्रिल

प्रिय भैरवी,

वही जाळ. जाळण्याआधी मागच्या पानांवरची रश्श्याची कृती उतरवून घे आणि तेवढी पाठव. पुढची पानं वाचू नकोस. सम्राटला म्हणावं, त्याचंही नाव होतं त्यात. 'पोटात आम्ल. जेवणाच्या वेळा पाळत नाही.' खूण केलेली आहे.

इथे संध्याकाळी मी आता नुसती बसते. नावं पाठ आहेत, चौदाही. खुणा करत नाही. अर्जाच्या चौकशीचा निकाल काल आला: 'तक्रारीत तथ्य आढळले नाही, अर्जदाराने स्वतःच लेखी नाकारले आहे.' शिक्क्यासह. फाईलला लावून ठेवला.

निरोप वाचून मी आधी हसले. भाची आतून धावत आली, तिला वाटलं मी रडतेय. मग तिचं खरं ठरलं.

उत्तर सुचलंय मला, भैरवी. चांगलं आहे, ती पळी टाकून हसेल असं. पण ते कुणाच्या हाती पाठवू? निसारभाई पुन्हा पुन्हा पाणी मागायला गेले तर लोक बघतील. तुझ्या हाती पाठवता येत नाही, पोस्टाने पाठवता येत नाही. मी त्या बाईला ओळखत नाही, असं माझ्याच हस्ताक्षरात लिहून दिलंय.

तुझी
एस्तेर